त्याच्याऐवजी

आक्कांनी आजवर एकही कृती लिहिल्याबरहुकूम केलेली नाही, हे त्यांच्या तोंडावर बोलायची रहिमतपुरात कुणाची छाती नाही. त्यांच्या हिशेबानं त्या केक अगदी पुस्तकात दिलाय तस्साच करतात. मैदा पोटाला बरा नाही म्हणून त्याच्याऐवजी कणीक घेतात, एवढंच. कणकेचा डबा तळाला गेलेला असतो म्हणून निम्मी कणीक आणि निम्मा रवा. लोण्याऐवजी तूप, आणि तूप पोळीला लागतं म्हणून तुपाऐवजी गोडं तेल. साखरेऐवजी गूळ. अंड्यांऐवजी दही, कारण आक्कांना केकची लहर येते तो दिवस हमखास सोमवार, गुरुवार नाही तर चतुर्थी निघतो. व्हॅनिलाऐवजी वेलदोडा, वेलदोडे महागले की सुंठ, कारण आमचा मुलूख आल्याचा आणि सुंठ कुणी ना कुणी आणून देतंच. अक्रोडाऐवजी भाजलेले शेंगदाणे. एवढं सगळं झाल्यावर मूळ कृतीतलं ‘केक’ हे नाव तेवढं शिल्लक राहतं, आणि तेही, पुढं सांगतो, तो फुगला तरच.

बरं, हा स्वभाव केकपुरता असता तर गोष्ट वेगळी. आक्कांच्या चष्म्याची एक काडी मोडली, तिच्याऐवजी काळा दोरा आला आणि तो कानामागं असा काही मुरला की आता दुसरी काडीच उपरी वाटते. फाटकाला कडीऐवजी सायकलची चेन आहे. परसातल्या नळाला तोटीऐवजी मक्याचं बुरकुंड. घरधनी दादा, त्यांनी तर लग्नानंतर काही वर्षांतच बोलण्याऐवजी मान हलवायला सुरुवात केली. ‘‘हे न्हाई तर ते. काय हुतंय?’’ हे आक्कांचं ब्रीद. काय हुतंय याचं उत्तर ताटलीत समोर असतं, पण ते देणार कोण?

ओव्हनऐवजी कुकर, ही मात्र आक्कांची एकटीची मजल नव्हे. मराठी घरांतल्या कितीतरी पोरांनी आयुष्यातला पहिला केक कुकरातलाच खाल्लाय. झाकणाची रिंग आणि शिट्टी काढून ठेवायची, तळाला मीठ पसरायचं, वर स्टँड, त्यावर तुपाचा हात फिरवून पीठ भुरभुरवलेलं भांडं, आणि पाण्याचा थेंब घालायचा नाही. बारीक गॅसवर पाऊण तास. पुढं सुरी खुपसून बघायची. कोरडी आली तर केक, ओली आली तर आणखी धा मिनिटं. सगळ्या महाराष्ट्राला पाठ असलेल्या या कृतीतही आक्कांनी हात घातलाच. ‘‘वाटीभर मीठ जाळायचं? पाप लागंल,’’ म्हणून मिठाऐवजी वाळू आली. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथली. चाळून, धुऊन, वाळवून घेतली होती, हे सांगायला हवं. आक्का काटकसरी आहेत, अस्वच्छ नाहीत.

कुणी या उद्योगाला नावं ठेवली की त्या कोकणातल्या जाऊबाईंचा दाखला देतात. तिकडं काकडीचं धोंडस पातेल्यात घालून खाली निखारे, झाकणावर निखारे अशा बेतानं भाजतात. काकडी, रवा, गूळ, नारळ. ना अंडं, ना मैदा. ‘‘त्यो केक न्हाई तर काय? सायबानं आपलं बघून केलंय.’’ इतिहासकारांना हे पटणार नाही. पण गावाचाच दाखला द्यायचा तर, रणदुल्लाखानाची म्हणून दाखवतात त्या कबरीजवळच्या मशिदीपाशी पाण्याचा उंच मनोरा आहे. पूर्वी तिथं हत्ती मोट ओढायचा, पाणी वर चढायचं आणि खाली कारंजं उडायचं, असं जुनी माणसं सांगतात. जिथं कारंज्यासाठी हत्ती जुंपला, तिथं वाळूवर केक भाजला तर कुणाला काय वाटणार?

आक्कांची खरी उमेदवारी झाली ती नानकटाईत. तेव्हा मे महिन्यात प्रत्येक घरातून बेकरीकडं वर्दी जायची. मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप आपलं आपण न्यायचं; काही बायका घरून मळूनच नेत, काही तिथं बसून मळत. बेकरीवाला ट्रे देई. पोरांनी गोळे वळायचे, मधोमध अंगठ्यानं दाबून चारोळी चिकटवायची आणि ट्रेच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी सारायची. मग भट्टीच्या धगीत, घामानं निथळत, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत ओट्यावर बसायचं. दुपार सरेपर्यंत गल्लीला तो भाजल्या तुपाचा वास असायचा आणि संध्याकाळी पत्र्याचे डबे डोक्यावर घेऊन वरात परत यायची. सुट्टीतला इतका सार्वजनिक सोहळा दुसरा नव्हता.

या सोहळ्यात आक्कांचा ट्रे चिठ्ठीशिवाय ओळखू यायचा. सगळ्यांच्या नानकटाया दुधी पांढऱ्या, आक्कांच्या तांबूस-काळ्या. मैद्यात त्यांनी निम्मं नाचणीचं पीठ घातलेलं, पिठीसाखरेऐवजी किसलेला गूळ. गूळ भट्टीत लवकर लागतो, पाक होऊन पसरतो. त्यामुळं बत्तीस गोळे आत जायचे आणि बाहेर यायचा एक अखंड पत्रा. बेकरीवाला तो उलथन्यानं सोडवत म्हणायचा, ‘‘वैनी, पुढच्या साली साखर आणा की.’’ आक्का म्हणायच्या, ‘‘आणते की.’’ एकदा दोन घरांच्या चिठ्ठ्या खाली पडल्या आणि बायकांत चांगलीच जुंपली. हा ट्रे माझा, तो तुझा. आक्कांच्या ट्रेवर कुणी हक्क सांगितला नाही. तोडून खाल्लेला तो पत्रा चहात बुडवायला मात्र फक्कड लागायचा, आणि आम्ही पोरं आमच्या गोऱ्यापान नानकटाया देऊन त्याचे तुकडे घ्यायचो. आक्कांनी ते लक्षात ठेवलंय.

त्यांच्याकडं ‘रुचिरा’ची जुनी प्रत आहे. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि लग्नात मुलीला द्यायची वस्तू होऊन बसलं. त्याची मोठी सोय अशी की सगळी मापं वाटी-चमच्याची. घरात तराजू असो नसो, कुणाचं अडलं नाही. बाई सांगलीच्या ओगल्यांच्या घरातल्या, म्हणजे आपल्याच भागातल्या, म्हणून आक्कांना त्यांच्याबद्दल आदर आहे. तो आदर त्यांनी समासात पेन्सिलीनं व्यक्त केलाय. पान उघडावं तिथं ‘ऐ.’ असं एक अक्षर, त्यापुढं दुसराच जिन्नस. ‘ऐ. दही.’ ‘ऐ. गूळ.’ ‘ऐ. काही नाही.’ हा शेवटचा शेरा केशरापुढं आहे. छापलेली कृती आणि समासातली कृती शेजारी शेजारी वाचली तर दोन वेगळ्या बायकांचे दोन वेगळे संसार दिसतात.

सून पुण्याची. ती दिवाळीत आली ती ओव्हन, काट्याऐवजी आकडे दाखवणारा वजनकाटा आणि मोजमापाचे पाच चमचे घेऊन. मैदा दोनशे ग्रॅम म्हणजे दोनशे. दोनशे चारला ती चिमटीनं चार काढते. आक्का उंबऱ्यात बसून बघत होत्या.

‘‘सोनं तोलतीस का गं?’’

‘‘आई, बेकिंगमध्ये अंदाज चालत नाही. ती केमिस्ट्री आहे.’’

‘‘असंल बाई. आमची आपली चूल हाय.’’

ओव्हन १८० अंशांवर तापला, केक आत गेला, काचेतून दिसेल इतपत वर आला आणि नेमकी वीज गेली. सून काचेला कपाळ लावून बसली. केक हळूहळू खाली बसला, मधोमध खड्डा पडला. आक्का काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते अर्धकच्चं प्रकरण कढईत उलटलं, तुपावर परतलं, वर दूध शिंपडलं आणि झाकण ठेवलं. सकाळी नाश्त्याला सगळ्यांनी ते दोनदोनदा घेतलं. मुलगा म्हणाला, ‘‘आई, शिरा झकास झालाय.’’ सुनेनं त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं तिला ऐवज नाही.

नाव बदलण्यातच आक्कांची खरी कर्तबगारी आहे. त्यांचा केक कधी फसत नाही, कारण फसला की तो केक राहतच नाही. बसका झाला तर सुरीनं चौकोन पाडून ती बर्फी. भुगा झाला तर तुपाचा हात लावून लाडू. कडक झाला तर काप करून, पुन्हा तव्यावर भाजून टोस्ट. आठवडाभर सकाळचा चहा निभतो. मधे कच्चा राहिला तर ‘आतनं मऊ’. एकदा कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणायला कोण जाणार म्हणून त्यांनी कुणाच्या तरी निकालाचे साताऱ्याचे कंदी पेढे चुरून दुधात कालवले होते. तो केक, काय सांगू, असा उतरला की पुण्याच्या कयानी बेकरीची श्रूजबेरी घेऊन आलेला पाहुणा स्वतःचा पुडा न उघडता याच्यावरच तुटून पडला. आक्कांनी पुडा उघडून एक बिस्कीट चाखलं. म्हणाल्या, ‘‘नानकटाईच की. गूळ घालाया पायजे हुता.’’

आक्कांचे सोन्याचे दिवस आले २०२० च्या टाळेबंदीत. सगळा देश घरी बसला आणि घरी बसून केक करू लागला. बेकिंग पावडर मिळेना, यीस्ट मिळेना, दुकान दोन तास उघडं. ज्या बायकांनी आजवर आक्कांच्या तांबड्या केकला नाकं मुरडली, त्याच तोंडाला पदर लावून कुंपणापाशी येऊ लागल्या. ‘‘आक्का, पावडर न्हाई ओ.’’ ‘‘सोडा हाय न्हवं? दही घाल.’’ ‘‘दही न्हाई.’’ ‘‘लिंबू पीळ.’’ ‘‘सोडाबी न्हाई.’’ ‘‘दादांचा इनो दे हितनं.’’

गल्लीत एक निवृत्त विज्ञानशिक्षक आहेत. ते अंतर ठेवून, मोठ्यानं समजावून सांगत, की बेकिंग पावडर म्हणजे तरी काय? खायचा सोडा, त्यातच एक कोरडं आम्ल आणि दोघांना ओल लागू नये म्हणून थोडा स्टार्च. ओलं झालं की दोघं भिडतात, वायू सुटतो, केक फुगतो. सोडा आणि दही घेतलं तरी तेच, फक्त बुडबुडे लगेच सुटतात. म्हणून मिश्रण झाल्या झाल्या भांडं कुकरात गेलं पाहिजे. इनोतही सोडा आणि सायट्रिक आम्लच. आक्कांनी हे सगळं ऐकून घेतलं. ‘‘मी तेच म्हणतीया, दही घातलं की बोलत उभं ऱ्हायचं न्हाई.’’ मास्तर गप्प झाले. बिस्किटांच्या पुड्याचा चुरा, दूध आणि इनो यांचा केक त्या वर्षी आमच्या गल्लीत इतका झाला की कुत्रीसुद्धा तोंड फिरवायची.

आता एवढ्या मोकळ्या हाताच्या बाईनं पुरणपोळीलाही काही सवलत द्यावी की नाही? होळीला सुनेनं भीत भीत विचारलं, हरभऱ्याची डाळ जड पडते, मुगाची घेऊ का? आक्कांनी परात खाली ठेवली. मग कटाच्या आमटीपासून येळवणीच्या दाटपणापर्यंत असा काही पाठ झाला की सुनेचा वजनकाटा शरमला असता. पुरणात डाळीइतकाच गूळ, जायफळ म्हणजे जायफळ, पुरणयंत्र नको, पाट्यावर वाटायचं. त्या दिवशी दादांनी मान हलवायचंसुद्धा थांबवलं.

गेल्या मे महिन्यात नातवाचा वाढदिवस रहिमतपुरात झाला. पोराला क्रीमचा केक हवा होता. क्रीमऐवजी आक्कांनी चक्का टांगून, त्यात साखर फेटून थापला. उन्हाळ्याची दुपार, तो चक्का केकवरून सावकाश घसरत पाटावर आला. मेणबत्त्या आणायला कुणी गेलंच नव्हतं, त्यांच्याऐवजी निरांजन ठेवलं. पोरानं शहरी रीतीप्रमाणं गाल फुगवून फुंकर मारली आणि निरांजन विझलं. जमलेल्या म्हाताऱ्यांच्या छातीत धस्स झालं. ‘‘अगं बाई, दिवा इझवला की गं!’’ आक्कांनी काडी ओढली, वात पुन्हा पेटवली, पोराच्या हातात टाळी वाजवायला वाटी-चमचा दिला आणि म्हणाल्या, ‘‘फुकू नगंस, वाजीव.’’ पोरगं वाजवत सुटलं. केक तोवर संपला. सुंठेचा, गुळाचा, शेंगदाण्याचा, चक्क्यात माखलेला. बोटं चाटून संपला.

शेजारची नवी सून कागद-पेन घेऊन आली. ‘‘आक्का, मला सांगा की कृती. अगदी तुमी केली तश्शी.’’

आक्कांनी चष्म्याचा दोरा कानामागं सारखा केला आणि खणखणीत आवाजात सांगायला लागल्या, ‘‘लिही. मैदा दोन वाट्या, तीनदा चाळून. लोणी एक वाटी. पिठीसाखर दीड. अंडी चार. व्हॅनिला एक चमचा.’’

पोरगी लिहिता लिहिता थबकली. ‘‘पण आक्का, तुमच्यात तर गूळ हुता न्हवं? आन् अंडी कुठं हुती?’’

‘‘माझं सोड,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘तू नवीन हायस. तू नीट कर.’’