खोळवाले आबा

कोकणात किनाऱ्यालगतच्या कुठल्याही गावात खोळवाले आबा एक तरी असतातच. घरात पाऊल टाकलंत की कळतं: टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, मिक्सरला झालरीचा झगा, सोफ्यावर चादर आणि त्या चादरीवर दुसरी चादर. सोफ्याचा मूळ रंग कोणता, हे घरची माणसं थोरल्याच्या लग्नातले फोटो बघून सांगतात. आबा कंजूष नव्हेत. वस्तू घेताना पैशाकडे बघत नाहीत. ती कुणी वापरायला काढली, की मात्र त्यांच्या जिवाची घालमेल होते.

अशा आबांच्या पुतण्यानं मालवणात पर्यटकांना फिरवायला फायबरची होडी घेतली. तिच्यात सुकाणूमागे गोल फिरणारी पांढरीशुभ्र खुर्ची होती. झालं! आबांच्या निवृत्तीला अर्थ आला.

हसा हवं तर, पण आबांचं म्हणणं खोटं नसतं. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. मे महिन्याच्या उन्हात त्याचा मऊपणा जातो, ते कडक होऊन तडकतं. मग तड्यांतून पाणी आतल्या फोममध्ये मुरतं आणि खुर्ची वरून कितीही पुसा, बसणाऱ्याची पँट ओली. "दर्याचा पाणी परवडला, ह्या ऊन वायट," हे आबांचं वाक्य गावात पाठ आहे.

"ताडपत्री टाकूया की," असं पुतण्या बोलून गेला आणि दोन दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही. खोळीसाठी खुर्चीचं माप घेणं हा तर सोहळाच. जुन्या वर्तमानपत्राचे कागद खुर्चीला चिकटवून आबा पेन्सिलीनं कडा उतरवतात. पाठ वर निमुळती, हात पुढे आलेले, काटकोन म्हणून एक नाही. खोळ सैल झाली तर वारा तिचा फुगा करणार, घट्ट झाली तर चढवतानाच उसवणार. शिवणीसाठी कडेला किती कापड सोडायचं, यावर काकूंशी वाद होतो. मशीन काकूंचं असल्यामुळे तो आबा हरतात.

पाणी न झिरपणारं पॉलिस्टरचं जाड कापड येतं. त्याला टाचणी लावायची नाही, कारण पडलेलं भोक बुजत नाही. म्हणून धुण्याचे सगळे चिमटे आबांकडे जमा होतात आणि धुणं शेजारच्या परसात जातं. टाके फार बारीक घालायचे नाहीत, नाहीतर भोकांच्या रांगेवर कापड फाटतं. काकूंनी सुती रीळ लावलं की आबा ओरडतात, "सुती दोरो दर्यार टिकाचो नाय!" नायलॉनही नको, उन्हानं जातं, दोरा पॉलिस्टरचाच हवा. चेन प्लास्टिकची, कारण खारी हवा धातूला खाते. खाली परकरासारखी नाडी. आणि बाजूला जाळीचा झरोका, वर झापड, कारण आत दमट हवा कोंडली की बुरशी ठरलेली. आबांनी आयुष्यात कुठल्याही वस्तूला दिलेली ही एवढीच मोकळी हवा.

खोळ बसते मात्र अशी, की कारखान्यातून आल्यासारखी वाटावी. पुतण्या खुश होऊन चेन उघडायला जातो.

"काढतंस कित्याक?"

तेव्हापासून पुतण्या उभ्यानं होडी चालवतो. पर्यटक फळीवर बसतात आणि खुर्ची सिंधुदुर्ग किल्ला बघत एकटीच फिरते. लाईफ जॅकेटही पिशवीतच असू देत, असं आबांनी सुचवून पाहिलं, तेवढं मात्र पुतण्यानं ऐकलं नाही. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद झाल्या, की होडी किनाऱ्यावर ओढून झाकतात. आबा खुर्चीचे बोल्ट काढून ती घरात, माजघरात आणतात, खोळीसकट. पाणी न झिरपणाऱ्या कापडाच्या खोळीनं त्यामुळे मोठा पाऊस अजून बघितलेला नाही. तिच्यावर माजघरातली धूळ बसू नये म्हणून जुनी चादर असते.

जुनी होडी घ्यायची असेल तर खुशाल आबांच्या घरची घ्या. खुर्ची नवीकोरी मिळेल. इंजिन तेवढं चालू करून बघा. खोळ त्यालाही आहे, पण ती काढावी लागेल म्हणून ऑइल बदलायचं राहून गेलेलं असतं.