जळता जळत नाही असे दप्तर

सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांत डिलिव्हरी चलन तीन प्रतींत फाटते: पांढरी, गुलाबी, पिवळी. पैशांवरून वाजले की तिन्ही गहाळ! पाच हजार वर्षांपूर्वीच्या सुमेरमध्ये जव, लोकर, मजुरांचा शिधा, सगळा हिशेब ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने टोचून ठेवत. पुढे तर करारावर मातीचेच पाकीट चढवून मजकूर वरही लिहीत. तंटा झालाच, तर पाकीट फोडायचे आणि आतला मजकूर ताडून बघायचा. कोठाराला आग लागली तरी पाट्या भाजून जास्तच टणक व्हायच्या. आमच्या मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली, तेव्हा फायलींची राख झाली. तरीही मातीच्या पाट्यांचा प्रस्ताव कुठलाही साहेब मंजूर करणार नाही. आगीला दाद देत नाही आणि वाळवीला पचत नाही, असले दप्तर सरकारी कामाला काय कामाचे?