वृक्ष, गृह आणि झोल

वृक्षगृह म्हणजे जिवंत झाडाच्या खोडावर वा फांद्यांवर उभारलेले आणि पाया जमिनीत नसून मालकाच्या हौसेत असलेले घर, अशी या वास्तुप्रकाराची ढोबळ व्याख्या करता येईल. महाराष्ट्रात त्याचा पूर्वज म्हणजे ज्वारीच्या शेतातला माळा. चार मेढींवर बांधलेल्या या मचाणावरून राखणदार गोफण फिरवी आणि पाखरे हाकी. बंगळुरूच्या वेशीबाहेरील फार्महाऊसांत अवतरलेल्या त्याच्या वंशजाला मात्र सागवानी जमीन, काचेच्या खिडक्या आणि वातानुकूलन यंत्र लागते, राखण्याजोगे पीक त्याच्याजवळ नसते, आणि पाखरे हाकण्याऐवजी ती पाहण्यासाठी दुर्बीण ठेवलेली असते.

या वंशजाची खरी अडचण उंचीची आहे. झाडावर चढूनही कुंपणापलीकडचे दिसले नाही तर खर्च वाया गेला असे वाटते, म्हणून ओटा पाच-सहा मीटरवर नेला जातो. आणि रस्त्याच्या कडेने जाणारी ११ केव्हीची वाहिनी, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या जवळजवळ ४८ पट दाब वाहणारी तार, जमिनीपासून किमान ५.८ मीटरवर असावी असे सुरक्षा-विनियम सांगतात. ज्या उंचीवर निसर्गदृश्य सुरू होते त्याच उंचीवर महावितरणाच्या कर्नाटकी भावंडाचे, म्हणजे बेस्कॉमचे, कार्यक्षेत्रही सुरू होते, हा योगायोग वास्तुविशारदाच्या रंगीत चित्रात सहसा आढळत नाही, कारण त्या चित्रात आकाश नेहमी निळे आणि बिनतारी असते.

झाड आधीचे की तार आधीची, हा प्रश्न या शहरात कोंबडी-अंड्याइतका अनादी नाही, कारण त्याच्या तारखा उपलब्ध आहेत. शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्राची वीज १९०२ साली प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळुरूचे रस्ते विजेच्या दिव्यांनी उजळले. बडोद्यास सयाजीरावांच्या पदरी उद्यानांचे काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल त्यानंतर, १९०८ साली, म्हैसूर संस्थानाच्या सेवेत आले आणि वर्षभर एकामागून एक फुलत राहतील अशा झाडांनी त्यांनी हे शहर सजवले. शहरात म्हणून तार थोरली आणि त्यांची झाडे धाकटी ठरतात. वेशीबाहेर, जेथे जुन्या चिंचेपाशी वीज फार उशिरा पोचली, तेथे हे नाते उलटते.

ही ज्येष्ठता केवळ मानापानाची बाब नाही. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ६८ नुसार वाहिनीला अडथळा करणारे झाड, किंवा वाहिनीनंतर तिच्याजवळ उभारलेले बांधकाम, कार्यकारी दंडाधिकारी हटवू शकतात. मात्र झाड वाहिनीच्या आधीपासून उभे असेल तर त्याच्याशी हितसंबंध असलेल्यास वाजवी भरपाई द्यावी लागते. चिंच जुनी, तार मधली आणि घर नवे, असा क्रम असल्यास निष्कर्ष असा निघतो की, ज्या चिंचेवर मालकाने छदामही खर्चिला नाही तिची भरपाई त्याला मिळते आणि ज्या घरात त्याने आयुष्याची पुंजी ओतली त्याचे नावही भरपाईच्या पोटकलमात येत नाही.

यावर मालक अंतराचा मुद्दा मांडतो. ११ केव्हीच्या तारेपासून इमारत आडवी १.२ मीटर आणि उभी ३.७ मीटर दूर असावी, हा नियम त्याने टेप लावून, जानेवारीतल्या एका निवांत सकाळी, पाळलेला असतो. परंतु उन्हाने आणि भाराने तापून धातू लांबतो व तार खाली येते. या खाली येण्याला तंत्रज्ञांच्या भाषेत झोल म्हणतात, आणि अंतर तार जास्तीत जास्त झोलावलेली असतानाचे धरायचे असते. लोकभाषेत या शब्दाचा जो दुसरा अर्थ आहे, तो बांधकामाच्या परवानगीचे कागद पाहताना उपयोगी पडतो. शिवाय झाड वाढते, वाऱ्याने डोलते, आणि एप्रिल-मेच्या वळिवात भिजल्यावर त्याची फांदी विजेला वाट देते. तारेवरची साळुंकी सुखरूप असते, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे एकाच विद्युतदाबावर असतात. वृक्षगृहातील माणसाचा एक हात कपडे वाळत घालण्याच्या लोखंडी काठीवर आणि पाय ओल्या झाडावर, पर्यायाने जमिनीवर असतात, ही तफावत त्याच्या दुर्बिणीतून दिसत नाही. हौसेला मोल नसते हे खरे, झोल मात्र असतो.

वाहिनी हलवावी असा अर्ज करणारा मालक त्याच अर्जासोबत वातानुकूलनासाठी वाढीव वीजभारही मागतो, येथे या वास्तुप्रकाराचे तत्त्वज्ञान पूर्णत्वास जाते. माळ्यावर बसणारा खालच्या पिकाची राखण करी. वृक्षगृहात बसणाऱ्याची राखण मात्र खाली शिडी घेऊन उभ्या असलेल्या लाइनमनला करावी लागते.