स्वस्त, मस्त आणि एकेरी

न्यू जर्सीत हिंदुस्थानी संगीत तळघरात नांदतं. भारतातून दौऱ्यावर आलेले बुवा शनिवारी संध्याकाळी एडिसनमधल्या कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये उतरतात. पिंगपाँगचं टेबल भिंतीला टेकवून उभं केलेलं असतं, गालिच्यावर पांढऱ्या चादरी असतात आणि फर्नेसच्या घरघरीशी तंबोऱ्याला जमवून घ्यावं लागतं. मध्यंतराला बटाटेवडे. या बैठका ऐकून तृप्त होणारी माणसं एका पंथाची आणि त्या भरून ठेवणारी दुसऱ्या पंथाची. २००२ साली आमच्या घराने दुसऱ्या पंथाची दीक्षा घेतली.

त्याचं कारण म्हणजे ही गाणं शिकत होती, आणि एका बुवांनी "स्वतःपुरतं भरून घ्या, वहिनी" अशी उदार परवानगी दिली होती. हिच्या अटी साध्या होत्या. यंत्र पर्समध्ये मावावं, पोळ्या लाटताना ओट्यावर ठेवून ऐकता यावं, चार्जरचं लोढणं नको, कुठेही मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालावं आणि दोनशे डॉलरच्या वर एक सेंटही जाऊ नये.

मराठी माणसाला सल्ला मागावा लागत नाही. खरेदीचा नुसता विचार मनात आला की तो घरपोच येतो. भाच्याने आयपॉड घ्या म्हणून सांगितलं. त्याची किंमत ३९९ डॉलर, आणि त्याला माइक लावायची सोयच नव्हती. "मामा, पण दिसतो किती छान!" हा त्याचा मुद्दा मात्र बिनतोड होता. एका काकांची निष्ठा कॅसेटवर होती. ख्याल ऐन रंगात आला की बाजू उलटण्यासाठी ते ज्या चपळाईने झडप घालत, ती पाहून पुढच्या रांगेतली मंडळी दचकत. बैठकीतले एक डॉक्टर डॅटवाले, म्हणजे डिजिटल टेपवाले होते. त्यांच्या लेखी डॅटखालचं सगळं म्हणजे गोंगाट.

मग मी मिनीडिस्कचं नाव काढताच डॉक्टरांचा पारा चढला. सोनीने १९९२ साली बाजारात आणलेली ही ६४ मिलिमीटरची चकती प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीत बसते. लिहिताना एका बाजूने लेसर चकतीचा ठिपका तापवतो आणि दुसऱ्या बाजूने चुंबक त्याला दिशा देतो. ठिपका थंड झाला की ती दिशा कायम. पुसून पुन्हा भरा, कितीही वेळा. इथपर्यंत डॉक्टर सहन करत होते. पण एवढ्याशा चकतीत ७४ मिनिटांचं गाणं मावावं म्हणून 'अॅट्रॅक' नावाची पद्धत कानाला जाणवणार नाही असा मजकूर गाळून टाकते. सीडीच्या मानाने पाचातला जेमतेम एक भाग उरतो.

"म्हणजे तंबोऱ्याची जवारी गेली!" डॉक्टर म्हणाले.

"पाचातले चार भाग टाकून दिले तरी कुणाला कळत नाही?" हिने विचारलं. "मग हे यंत्र आधी मंडळाच्या अध्यक्षांच्या भाषणाला लावा."

मिनीडिस्कवर शिक्कामोर्तब झालं ते तिथे.

आता कोणता रेकॉर्डर घ्यायचा? दुकानात दोन सख्खी भावंडं शेजारी मांडली होती, एमझेड-एन५०५ आणि एमझेड-एन७०७. चण तीच, दोघांनाही एकच पेन्सिल सेल पुरे, आणि दोघंही यूएसबीने संगणकाला जोडता येणारे. लहान भाऊ स्वस्त होता. ही त्याला पर्समध्ये घालून बघत असताना मी कडेची भोकं तपासली. लाइन-इन होतं, पण माइकचं भोक नव्हतं. म्हणजे सीडीवरून उतरवून घेईल, पण समोर बसून गाणाऱ्या माणसाला ठार बहिरा. थोरल्याला माइकचं भोक होतं, म्हणून थोरला घेतला. माइक वेगळा घ्यावा लागला, पण तो खर्च हिने 'गाण्याची फी' या सदरात टाकला.

त्याच्यात एलपी४ नावाची सोय होती. ८० मिनिटांच्या डिस्कवर ३२० मिनिटं. ती आम्ही वापरली नाही. इतका वेळ गाणारे बुवा मिळतील, पण तितका वेळ थांबणारी बेबीसिटर न्यू जर्सीत मिळत नाही.

पहिल्या बैठकीत कळलं की हे यंत्र फार कर्तव्यदक्ष आहे. माइकच्या आवाजाची पातळी ते स्वतःच ठरवायचं. तबल्याची तिहाई आली की ते घाबरून सगळ्यांचा आवाज खाली ओढायचं आणि बुवा विलंबितात शिरले की हळूहळू वर न्यायचं, इतकं की मागे कुणीतरी चिवड्याचं पाकीट उघडलं तेही मैफलीत सामील व्हायचं. माइक जवळ ठेवला तर त्यात त्याच्या स्वतःच्या मोटरची कुजबुजही भरली जायची.

खरा कसोटीचा क्षण भैरवीनंतरचा. स्टॉपचं बटण दाबलं की छोट्या पडद्यावर 'टीओसी एडिट' लुकलुकतं, म्हणजे यंत्र अनुक्रमणिका लिहितंय. ती पूर्ण होण्याआधी सेल निघाला किंवा दणका बसला, तर गाणं डिस्कवर असतं, पण त्याचा पत्ता यंत्राला ठाऊक नसतो. नेमक्या त्या घडीला मंडळी पायाला आलेल्या मुंग्या झटकत उठतात, चादर ओढली जाते, कुणीतरी "अहो, वडे गार होतायत" म्हणून खांद्यावर थाप मारतं. मी दोन्ही हातांनी रेकॉर्डर झाकून "कुणी हलू नका!" असं ओरडलो. माझा तो आवाज डिस्कवर नाही, पण बैठकीच्या आठवणीत भैरवीपेक्षा जास्त टिकला.

मग गाणं संगणकात घ्यायची वेळ आली. संगणकातून डिस्कवर गाणी पाठवायची 'नेट एमडी' नावाची सोय २००१ साली आली. तिच्याबरोबर आधी ओपनएमजी ज्यूकबॉक्स आणि पुढे सोनिकस्टेज ही सॉफ्टवेअर होती. त्यांचा नियम असा, की एक गाणं जास्तीत जास्त तीनदा 'चेक-आउट' करायचं. चौथ्यांदा हवं असेल तर आधीचं एक 'चेक-इन' करून जमा करा. वाचक हा मुळात पुस्तकचोर असतो अशी श्रद्धा बाळगणाऱ्या आमच्या गावच्या ग्रंथपालांनीच जणू तो नियम लिहिला होता. आणि माइकवर भरलेलं गाणं? ते यूएसबीने संगणकात येतच नसे. रस्ता एकेरी.

यात सोनीचीही अडचण होती. एका हाताने ती यंत्रं विकत होती आणि दुसऱ्या हातात १९८८ साली विकत घेतलेली सीबीएस रेकॉर्ड्स होती. एक हात म्हणे भरा, दुसरा म्हणे खबरदार. बुवांच्या मारुबिहागावर आणि बेसमेंटच्या फर्नेसवर कुठल्याच रेकॉर्ड कंपनीचा हक्क नव्हता, पण संशय सरसकट सगळ्यांवर होता.

उपाय एकच. रेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनमध्ये खोचायची आणि वाजवत बसायचं. तासाचं गाणं उतरायला पुरता तास. मी चडफडलो. ही म्हणाली, "बरं झालं. नाहीतर तुम्ही भरून ठेवता आणि ऐकत कधी नाही. आता प्रत्येक बैठक निदान दोनदा तरी कानावर पडेल." तिचा मारुबिहाग त्याच वर्षी बसला. श्रेय मी सोनिकस्टेजला देतो, ती देत नाही.

२००४ मध्ये हाय-एमडी ही मिनीडिस्कची सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यावर केलेलं ध्वनिमुद्रण संगणकात घेता येऊ लागलं. २००६ च्या एमझेड-आरएच१ या रेकॉर्डरने जुन्या डिस्कांसाठीही दार उघडलं. २०११ मध्ये त्याचा पुरवठा थांबला आणि आता जुन्या बाजारात हौशी लोक त्याच्यासाठी पदरमोड करतात. सॉफ्टवेअर मात्र फुकट झालंय. छांदिष्टांनी लिहिलेलं वेब मिनीडिस्क ब्राउझरमध्येच चालतं, आणि 'चेक-इन'ची पावती मागत नाही.

त्यामुळे स्वस्तातला मिनीडिस्क रेकॉर्डर कोणता, असं कुणी विचारलं तर मी आधी त्यालाच विचारतो : गाणं आत घालायचंय की बाहेर काढायचंय? नुसतं आत घालायचं असेल, तर सगळेच स्वस्त आहेत.