दचकमीमांसा, अर्थात रात्रीच्या प्रेक्षकाचे शास्त्र

विषयप्रवेश

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक रसाची सगळी व्यवस्था लावून दिली. त्याला रंग काळा दिला, दैवत काळ दिले, स्थायीभाव भय दिला. शिवाय हे भय स्त्रियांच्या आणि नीच प्रकृतीच्या पात्रांच्या ठायी असते, असाही शेरा मारून ठेवला. एक माणूस मात्र त्यांच्या नजरेतून निसटला. जेवणे उरकून, ओटा अर्धा पुसून, पाय वर घेऊन सोफ्यावर बसलेला मराठी प्रेक्षक. हा प्रेक्षक घाबरतो, पण घाबरलो म्हणत नाही. तो पात्रांशी बोलतो, त्यांना दटावतो, भुताच्या वागण्यातल्या चुका काढतो, आणि दिवा मालवायची वेळ आली की शेजारच्याला सांगतो, ‘तू मालव, माझा हात पोचत नाही.’ त्याच्या या वर्तनाची शास्त्रशुद्ध नोंद कोणीतरी करायलाच हवी होती. ती या प्रबंधात केली आहे.

अभ्यासासाठी झी मराठीवरची ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका घेतली आहे. कारण उघड आहे. २०१६ सालच्या पहिल्या भागात अण्णा नाईक पहिल्याच एपिसोडात मरतात आणि पुढे फोटोपुरते उरतात. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या भागात काळ मागे जातो आणि तेच अण्णा जिवंत, धडधाकट समोर उभे राहतात. मार्च २०२१ पासूनच्या तिसऱ्या भागात ते भूत होऊन परततात. एकच इसम फोटो, माणूस आणि भूत अशा तिन्ही अवस्थांत तपासायला मिळावा, हे भाग्य आजवर फारच थोड्या संशोधकांच्या वाट्याला आले असेल.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे, की भुताच्या मालिकेचा प्रेक्षक भुताला घाबरतो. हे मत भाबडे आहे. ते का, ते पुढे येईलच.

धूमप्रकरण

न्यायशास्त्रात अनुमानाचे घासून गुळगुळीत झालेले उदाहरण म्हणजे डोंगरावरचा धूर. धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी असला पाहिजे. अण्णा नाईकांच्या कोकणातल्या वाड्यात मात्र या उदाहरणाची पंचाईत होते. मागच्या परसात, विहिरीच्या कडेला, मध्यरात्री धूर निघतो आणि जळत तर काहीच नसते. पालापाचोळा नाही, चूल नाही. तिसरीतले पोरसुद्धा अशा वेळी बिनचूक अनुमान काढते आणि आजीच्या पदरात शिरते. जिथे धूर तिथे भूत, ही व्याप्ती त्याला कोणी शिकवलेली नसते.

पण मुरलेला प्रेक्षक या व्याप्तीला फसत नाही. ब्रेकच्या आधीचा धूर हा शुद्ध हेत्वाभास आहे, हे तो ओळखून असतो. बाई कंदील घेऊन परसात जाते, मागून खांद्यावर हात पडतो, बाई किंचाळते, आणि साबणाची जाहिरात लागते. जाहिराती संपल्यावर त्या हाताच्या मागे वाड्यातला गडी पांडू निघतो. खरा धूर एपिसोडच्या शेवटी येतो, आणि त्यात जे काही दिसणार असते ते उद्या दिसते. म्हणून अनुभवी प्रेक्षक पहिल्या धुराला उठून पाणी पिऊन येतो. नवखा प्रेक्षकही उठतो, पण त्याला स्वयंपाकघरापर्यंत सोबत लागते.

पांडूचा विषय निघालाच आहे तर शब्दप्रमाणाचाही निकाल लावून टाकू. वाड्यात काय घडले हे ज्याने पाहिले, तो पांडू नेमके विचारल्यावर ‘इसारलंय’ म्हणतो आणि मोकळा होतो. प्रेक्षक यावर चिडतो, हसतो, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात वेळेवर न झालेल्या कामाबद्दल स्वतःच ‘इसारलंय’ म्हणतो. आता गंमत अशी, की पांडूचे काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेचे लेखकही होते. म्हणजे पुढचे सगळे कथानक ज्या एका माणसाला ठाऊक, तोच पडद्यावर येऊन आपल्याला काही आठवत नसल्याचे सांगतो. आप्तवाक्याची याहून मोठी थट्टा कोणी केली असेल असे आम्हांला वाटत नाही.

सात्त्विक भाव आणि गवार

सात्त्विक भाव आठ. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. सोफ्यावर त्यांची पडताळणी करताना काही अडचणी आल्या. स्वेद बाद करावा लागला, कारण मे महिन्यात मुंबईचा माणूस बातम्या बघतानाही घामाघूम असतो. रोमांचाचे श्रेय पंखा घेतो. टीव्हीच्या निळसर उजेडात अख्खे घरच फिके दिसते, त्यामुळे वैवर्ण्य कोणाचे आणि स्क्रीनचे किती, हे ठरत नाही. प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणे, आजोबांच्या ठिकाणी स्पष्ट दिसतो, पण त्याचा मालिकेशी संबंध नाही. तो त्यांना नऊ वाजल्यापासूनच असतो.

वेपथु रिमोटमध्ये दिसतो. प्रेक्षक डोळे मिटत नाही, आवाज कमी करतो. भीती चित्रात नसून त्या ‘ढॅण्ण’मध्ये आहे, हे त्याला कळलेले असते. आवाज बंद केला तर अण्णांची मेलेली प्रेयसी शेवंतासुद्धा नटूनथटून लग्नाला निघालेली आणि रिक्षा न मिळाल्यामुळे रागावलेली बाई दिसते.

राहिला स्तंभ. याचे मोजमाप करण्याची खात्रीची रीत आम्ही शोधली आहे आणि ती विनामूल्य लोकार्पण करीत आहोत. पुष्कळ घरांत रात्री मालिका बघता बघता उद्याच्या डब्याची भाजी निवडली जाते. त्यांतली गवार शास्त्रदृष्ट्या सर्वांत उपयोगी. शेंगेचे एक टोक मोडायचे, शीर ओढायची, दुसरे टोक मोडायचे, मग तुकडे. भीतीचा क्षण आला की हात पहिल्या टोकाशी थांबतो. प्रसंग सरला की हात पुन्हा चालू होतो, पण शीर ओढायची राहून गेलेली असते आणि शेंग थेट टोपलीत पडते. दुसऱ्या दिवशी डबा खाताना दातांत जेवढ्या शिरा अडकतील, तेवढा आदल्या रात्रीचा एपिसोड भयानक. या गवार-निर्देशांकापुढे टीआरपी हे फार ढोबळ मोजमाप आहे. मेथीच्या दिवसांत संशोधन बंद ठेवावे लागते, इतकीच काय ती मर्यादा.

भय हे स्त्रियांचे आणि नीच प्रकृतींचे, या भरतवचनाचीही परीक्षा झाली. घरातला कर्ता पुरुष मालिका बघत नाही. तो मोबाइल बघतो. मात्र प्रत्येक किंकाळीला ‘काय झालं?’ असे विचारणारा आवाज त्याचाच असतो, आणि तो किंचित चिरकलेला असतो. स्वरभंगाची नोंद आम्ही त्याच्या नावावर टाकली आहे.

चाकरमानी प्रेक्षक

चाकरमान्यांचा वेगळा विचार करावा लागतो. लालबागला किंवा डोंबिवलीला राहणारा, मूळचा कुडाळ-सावंतवाडीकडचा प्रेक्षक मालिका बघत नाही, तपासतो. पहिल्या आठवड्यात तो भाषा तपासतो. ‘आमच्याकडे असा कोण बोलणा नाय’ हा त्याचा निकाल ठरलेला असतो आणि तो देताना त्याचा ऊर अभिमानाने भरून आलेला असतो, कारण त्याची बोली रोज रात्री अख्ख्या महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात शिरत असते. मालिका सुरू झाली तेव्हा कोकणातून आक्षेपही आले. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, मालिका बंद करा. पुढे सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा बघायला गाड्या भरभरून माणसे येऊ लागली. उत्तरपक्ष इतक्या मुकाट्याने सिद्ध झाल्याचे उदाहरण विरळा.

दुसऱ्या आठवड्यापासून चाकरमानी प्रेक्षक खऱ्या भयाकडे वळतो. अण्णा गेले, मुले-सुना जमल्या, आता घर कोणाचे आणि जमीन कोणाची? ज्याच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर वारलेले आजोबा आणि हयात सोळा चुलते एका रांगेत उभे आहेत, त्याला देवचाराची भीती कोण घालणार? छपरावर खवीस बसला तर गाऱ्हाणे घालून, नारळ देऊन त्याची समजूत काढता येते. सहहिस्सेदाराची सही अशी मिळत नाही. अण्णांचा एक मुलगा दत्ता गावात राहून राबला, दुसरा माधव मुंबईत शिकून मोठा झाला, आणि वाटणीत दोघांना सारखे का, हा प्रश्न पडद्यावर निघाला की सोफ्यावरचे दोन भाऊ एकमेकांकडे बघत नाहीत. गवार-निर्देशांक इथे सर्वोच्च असतो, आणि पडद्यावर धुराचा पत्ता नसतो.

शेवंताप्रकरण

दुसऱ्या भागातली शेवंता अपूर्वा नेमळेकर यांनी केली आणि तिसऱ्या भागात मध्येच ती भूमिका कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली. यावर प्रेक्षक खवळला. मेलेली बाई परत येते, हे त्याने विनातक्रार मान्य केले होते. ती मध्यरात्री पूर्ण साजशृंगारात येते, तिचा गजरा सुकत नाही, हेही मान्य. पण ती दुसऱ्याच चेहऱ्याने येते? ‘हे काय पटत नाही बुवा!’ थोडक्यात, मराठी प्रेक्षकाचा पुनर्जन्मावर आणि पिशाच्चयोनीवर विश्वास आहे, बदली कलाकारावर नाही. तत्त्वज्ञांनी यावर विचार करावा. देह नश्वर असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि शेवंताच्या बाबतीत मात्र देहच टिकावा असा आपला आग्रह.

अण्णाप्रकरण

आता मुख्य सिद्धान्त. भय आणि ओळख यांचे प्रमाण व्यस्त असते. पहिल्या भागात अण्णा दिसत नव्हते, भिंतीवरून बघत होते, तेव्हा प्रेक्षक त्यांना बिचकून होता. तिसऱ्या भागात ते भूत होऊन आले, तोवर ते घरचे झाले होते. घरात फिरणारे हे भूत दिसले की प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर जुना भाडेकरू भेटल्याचा आनंद उमटायचा. अण्णांचे काम करणाऱ्या माधव अभ्यंकरांनी डोळे वटारावेत आणि प्रेक्षकाने टाळी द्यावी, असा तो मामला होता.

इथवर सिद्धान्त नीट चालतो. दुसरा भाग मध्ये येतो आणि सगळे बिघडवतो. त्या भागातल्या अण्णांकडे अमानवी असे काहीच नव्हते. ते एक गावातले वजनदार गृहस्थ होते. बायकांवर नजर टाकणारे, आड येणाऱ्याचा काटा काढणारे, घरात येताच ज्यांच्यापुढे सगळ्यांचे आवाज खाली जातात असे. शास्त्राप्रमाणे प्रेक्षकाने सर्वांत जास्त इथे घाबरायला हवे होते, कारण हा प्रकार धुराशिवाय घडत होता. घडले उलटेच. याच भागात अण्णा लाडके झाले. अण्णा आणि शेवंता यांची जोडी जमली, त्यांच्यावर विनोद निघाले, त्यांच्या भेटीगाठींची वाट पाहिली जाऊ लागली. शेवंताचे नवरे पाटणकर यांच्या संसाराचे काय झाले, याची हळहळ फारशी कोणाला वाटली नाही. आणि अण्णांची बायको माई? शकुंतला नरे यांनी केलेली ती बाई तिन्ही भागांत त्याच घरात, त्याच माणसाची सोबत निभावत राहिली. प्रेक्षकाने तिला एकच शब्द दिला, ‘बिचारी’, आणि तो पुन्हा शेवंता कधी येते याची वाट बघू लागला.

एका नोंदीचा उलगडा अजून झालेला नाही. अण्णा घरी येतात, माईवर ओरडतात, माई खाली मान घालून ताट वाढते, अशा प्रसंगांत गवार निवडणारा हात थांबत नाही. उलट झपझप चालतो. शिरा नीट ओढल्या जातात, तुकडे एकसारखे होतात. सोफ्यावर कोणी दचकत नाही, कोणी पात्राला सल्ला देत नाही. एरवी ‘मागे बघ गं!’ म्हणून टीव्हीला ओरडणारी आजी त्या दोन-तीन मिनिटांत शब्द काढत नाही आणि मोबाइलवाला पुरुष ‘काय झालं?’ म्हणून विचारत नाही. निर्देशांक शून्य दाखवतो. आठांपैकी एकही सात्त्विक भाव सापडत नाही. भरतमुनींनी नवव्या भावाची तरतूद केलेली नसल्यामुळे ही नोंद कोणत्या खान्यात टाकावी, हे आम्हांला ठरवता आले नाही.

तेव्हा निर्णय असा. भूत म्हणून अण्णा नाईक मध्यम दर्जाचे, पोटभर जेवलेल्या माणसालाही फारसे न घाबरवणारे. शेवंता नेपथ्यात उत्तम, भयात सामान्य. पांडू अजिंक्य. माणूस म्हणून अण्णा या मालिकेतले एकमेव भयंकर पात्र, आणि प्रेक्षकाने त्यांना नेमके त्याच विषयात पैकीच्या पैकी प्रेम दिले. वाचकाने आमच्यावर विश्वास ठेवू नये, स्वतः पडताळून बघावे. दुसरा भाग पुन्हा लावलात, तर अण्णा बोलत असताना त्यांच्याकडे बघू नका, माईंकडे बघा. आणि शेजारी आई किंवा आजी बसली असेल, तर एकदा तिच्याकडेही.