डेन्मार्कच्या फिरतीचा रोजनामचा

महसूल खात्यात ज्याची उभी हयात गेली, त्याच्या हाती देवाने नंदनवनाचा परवाना दिला तरी तो आत पाऊल टाकण्यापूर्वी नंदनवनाच्या चतुःसीमा विचारील, पारिजातक नेमका कोणत्या गटात उभा आहे याची खातरजमा करील आणि सायंकाळी मुक्कामावर येऊन ‘स्थळपाहणी केली, हरकत आढळली नाही’ अशी नोंद करूनच अंथरुणाला पाठ टेकील, असे आमच्या सौभाग्यवतींचे प्रांजळ मत आहे. आणि ते सर्वसाधारण स्वरूपाचे नसून अनुभवसिद्ध व व्यक्तिविशिष्ट आहे, हेही त्या सांगितल्यावाचून राहत नाहीत.

धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत कारकुनीपासून नायब तहसीलदारीपर्यंतच्या पायऱ्या चढताना दरमहा फिरतीची दैनंदिनी सादर करण्याचा जो परिपाठ अंगी मुरला, त्यात दिनांक, मुक्काम, वाहन, अंतर, केलेल्या कामाचा तपशील आणि शेरा एवढेच रकाने असत. हर्ष, खेद, विस्मय आणि क्षुधा यांना रकाना नसे. त्या दैनंदिनीत पाऊस पडलाच तर तो मिलिमीटरांत पडे आणि शेत डोललेच तर पैसेवारीत डोले. त्यामुळे डेन्मार्कातील ऑर्हूस नगरीत पवनचक्क्यांच्या धंद्यात नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने, “आप्पा, या उन्हाळ्यात तुम्ही दोघे इकडे या, आणि रोज रात्री मनातले काहीतरी लिहीत जा,” असा आग्रह धरला, तेव्हा मी तत्काळ एक कोरी वही आणली. आणि मनात काय आहे याचा विचार करता करता पट्टी घेऊन तिच्यावर सहा रकाने आखून टाकले.

प्रस्थानापूर्वीचा गहन प्रश्न होता तो सामानाचा. सौभाग्यवती मूळच्या साक्री तालुक्यातल्या. बिबड्या, काळा मसाला, कळण्याचे पीठ आणि शेवभाजीची तिखट शेव यांच्यावाचून माणसाने सातासमुद्रापलीकडे जाणे हे त्यांच्या दृष्टीने शिधा न घेता वनवासाला निघण्यापैकी होते. मी युरोपीय संघाचे जकातविषयक नियम आद्योपान्त वाचले. दूधदुभते आणि मांस बाहेरून आणण्यास प्रवाशाला मज्जाव. ताज्या फळभाज्यांना वनस्पती निरोगी असल्याचा सरकारी दाखला आवश्यक. मात्र या दाखल्यातून केळी, अननस, नारळ, खजूर आणि दुरियन या पाच फळांना माफी. जळगावच्या केळीला आणि जळगावच्याच भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते एकाच वर्षी, 2016 साली. परंतु युरोपच्या वेशीवर केळीला मुजरा आणि वांग्याला अटकाव असा उघड पंक्तिप्रपंच पाहून, बामणोदच्या वांग्यांची बाजू मांडणारा एक अर्ज मी मनातल्या मनात तयारही केला होता. अखेर आम्ही केळ्यांची एक फणी घेऊन निघालो. ऑर्हूसच्या दुकानात केळी नगावर विकतात, हे पाहून सौभाग्यवतींनी ती फणी दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली.

रोजनाम्यातील पहिली नोंद अशी आहे: ‘मुक्काम कोपनहेगन. देशाचे क्षेत्र सुमारे 43,000 चौरस किलोमीटर. लोकसंख्या 60 लाखांच्या आतबाहेर. राजा एक.’ ही नोंद करताना माझ्या लक्षात आले, की 2011च्या जनगणनेत एकट्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 42 लाखांवर आणि धुळ्याची 20 लाखांवर भरली होती. म्हणजे ज्या रयतेचे योगक्षेम पाहण्यासाठी येथे राजा, पंतप्रधान, लोकसभा, सैन्य आणि आरमार एवढा सरंजाम लागतो, तेवढी रयत आमच्याकडे दोन जिल्हाधिकारी सांभाळतात, आणि त्यांपैकी एखादा बहुधा रजेवर असतो. हे अनुमान मी कन्येला ऐकवले. ती म्हणाली, “आप्पा, मनातले लिहा.” मनात तर हेच होते.

कोपनहेगनहून ऑर्हूसला आगगाडीने जाताना वाटेत ग्रेट बेल्ट नावाची सामुद्रधुनी लागते. झीलंड आणि फ्यून या दोन बेटांमधले हे 18 किलोमीटरांचे अंतर पूर्वी नावेने काटावे लागे. आता रूळमार्ग आणि सडक या दोहोंची सोय आहे. सडकेचा पूल खुला झाला तो 14 जून 1998 रोजी. ही तारीख वाचताच माझ्यातला जुना कारकून खडबडून जागा झाला, कारण त्याच वर्षीच्या 1 जुलैला धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला होता आणि त्यापायी दप्तरांची वाटणी करता करता आमच्या पाठीचा कणा मोडला होता. एका पंधरवड्याच्या अंतराने त्यांनी पाण्याने तोडलेली दोन बेटे जोडली आणि आम्ही जमिनीने जोडलेला जिल्हा तोडला. आणि दोन्ही ठिकाणी समारंभ मात्र सारख्याच उत्साहाने झाले.

राजधानीतील प्रेक्षणीय स्थळांत अग्रपूजेचा मान समुद्रकाठच्या खडकावर बसलेल्या जलपरीला. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या कथेतील ही नायिका 1913 पासून तेथे बसली असून तिची उंची अवघी सव्वा मीटर आहे. तिला पाहून इतर प्रवासी छायाचित्रे काढतात; मी पंचनामा केला. 1964 साली अज्ञात इसमांनी तिचे शिर कापून नेले. 1984 साली उजवा हात गेला. 1998 साली पुन्हा शिर गेले. एवढे गुन्हे घडूनही त्या बाईसाहेबांच्या सभोवती साधे तारेचे कुंपण नाही, हे पाहून मी शेऱ्याच्या रकान्यात ‘बंदोबस्त असमाधानकारक’ असे लिहिले. सौभाग्यवतींना मात्र तिच्या शिरापेक्षा तिच्या वस्त्रांची चिंता अधिक वाटली, “एवढ्या गारठ्यात बिचारी!” असे म्हणून त्यांनी स्वतःच्या अंगावरची शाल घट्ट ओढून घेतली.

हेल्सिंगॉर, अर्थात इंग्रजी पुस्तकांतले एल्सिनोर, येथील क्रोनबोर्ग किल्ल्याकडे मात्र मी अधिक आदराने गेलो. शेक्सपिअरने हॅम्लेटला तेथे वावरायला लावले हे त्याचे एक कारण खरे. परंतु 1929 साली याच गावी भरलेल्या शिक्षणतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आमचे अण्णासाहेब कर्वे वयाच्या 71व्या वर्षी येऊन हिंदुस्थानातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाविषयी बोलून गेले होते, हे त्याहून मोठे कारण. ‘असावे की नसावे’ या विवंचनेत राजपुत्राने जेथे पाच अंक घालवले, तेथे मुरुडच्या एका वृद्धाने येऊन आपले काम सांगितले आणि पुढच्या गावाची वाट धरली. किल्ल्याच्या तळघरात होल्गर डान्स्के नावाच्या वीराचा पुतळा झोप घेत बसला आहे. देशावर संकट आले की तो जागा होईल, अशी आख्यायिका आहे. आमच्या पुराणातल्या मुचकुंदाचाच हा उत्तरेकडचा भाऊबंद. फरक एवढाच, की मुचकुंदाला कोणी जागे केले तर जागे करणारा भस्म होई, आणि येथे तर तिकीट काढून लोक त्याच्यासमोर खुशाल गलका करतात. माझ्या कारकिर्दीतही अशा निद्रिस्त वीरांची वाण नव्हती. संकटे आली, गेली, पण निवृत्तीच्या आदेशाखेरीज त्यांना कशानेही जाग आली नाही.

जून महिन्यात या देशी सूर्य मावळण्याच्या बाबतीत अत्यंत बेजबाबदारपणे वागतो. आम्ही ज्या गावाहून आलो होतो तेथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि सूर्य केव्हा एकदा मावळतो याकडे माणसांचे, गुरांचे आणि केळीच्या बागांचे डोळे लागलेले असतात. येथे 20 अंशांवर पारा चढला की सारी प्रजा उन्हाच्या तुकड्याचा शोध घेत हिरवळीवर पालथी पडते. मी एकटाच सावली शोधीत फिरत असल्यामुळे लोक माझ्याकडे संशयाने पाहत. दिवेलागणीला सांजवात लावल्याखेरीज पानावर बसायचे नाही, हा सौभाग्यवतींचा माहेरून आलेला नियम. आणि ऑर्हूसला सूर्यास्त रात्रीचे दहा वाजून गेल्यावर. पहिल्या रात्री साडेसातपासून त्या हातात काडेपेटी घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या, आणि जठराग्नी मात्र कोणत्याही काडीवाचून पेटत राहिला. अखेर कन्येने, “आई, जळगावात आत्ता रात्र होऊन गेली आहे, तेथली वेळ धर,” असा तोडगा काढला, आणि तेव्हापासून आमच्या घरी सूर्य खानदेशच्या वेळापत्रकाने मावळू लागला. किमतींच्या बाबतीतही त्यांनी खानदेश सोडला नाही. एक क्रोन म्हणजे तेव्हा साधारण बारा रुपये, हे कळल्यावर त्यांनी प्रत्येक वस्तू बाराने गुणण्याचा सपाटा लावला. कॉफीचा एक पेला पाचशे रुपयांच्या घरात जातो असे निष्पन्न झाल्यावर ती पिण्याऐवजी नुसता तिचा वास घेण्याचे धोरण त्यांनी अवलंबिले.

तेवीस जूनच्या रात्री या देशात सेंट हान्सची होळी पेटवतात. समुद्रकाठी लाकडे रचलेली, त्यांवर गवताची एक चेटकीण बसवलेली, सभोवार मुलेबाळे. हे दृश्य पाहून आम्हां उभयतांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. पेटवण्यापूर्वी एक स्थानिक प्रतिष्ठित गृहस्थ उभे राहिले आणि भाषण करू लागले. भाषेचा गंध नसताना मला त्यातले अक्षरन् अक्षर कळले. आवाज कोठे चढतो, टाळ्या कोठे अपेक्षित आहेत आणि ‘शेवटी एवढेच सांगतो’ या वाक्यानंतर किती वेळ काढावयाचा, याचे शास्त्र सर्व देशांत एकच आहे. मग अग्नी दिला गेला, ज्वाळा आकाशाला भिडल्या, चेटकीण धडाडून पेटली, आणि चाळीसगावपासून शिरपूरपर्यंत पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या संस्काराने माझा उजवा हात आपोआप तोंडाकडे गेला. तो सौभाग्यवतींनी वेळीच धरला. तेवढ्यात सर्व लोक शांतपणे एका सुरात गीत म्हणू लागले. होळीपुढे उभे राहून कोणाच्याही नावाने बोंब न मारता सुरात गाणारी जात मी प्रथमच पाहिली. शेऱ्याच्या रकान्यात ‘विधी अपूर्ण’ असे नमूद केले आहे.

आता या रोजनाम्यातील मुख्य प्रकरणाकडे येतो. ऑर्हूसच्या पश्चिमेस सिल्केबोर्गच्या तळ्यांच्या काठी हिमेलब्येर्ग नावाचा पर्वत आहे. नावाचा अर्थ आकाशपर्वत. एके काळी हेच देशातले सर्वोच्च शिखर समजले जाई. पुढे मोजणी झाली आणि त्याचा मान गेला. समुद्रसपाटीपासून त्याची उंची 147 मीटर. मोजणी म्हटल्यावर मला राहवले नाही. मी त्या शिखरांचे सारे दप्तरच चाळले. देशात सर्वांत उंच असल्याचा दावा करणारी तीन स्थळे शेजारी शेजारी आहेत. युडिंग स्कोव्हॉय 172 मीटरांच्या वर जाते. परंतु त्याच्या माथ्यावर कांस्ययुगातील थडग्याचा ढिगारा आहे, आणि मानवाने घातलेला भराव नैसर्गिक उंचीत धरता येत नाही, असा निवाडा झाल्यामुळे ते बाद ठरले. अतिक्रमण तीन हजार वर्षांचे असले तरी नियमित करायचे नाही, हा करारीपणा पाहून माझे डोळे पाणावले. उरलेल्या दोहोंपैकी एयर बाव्हनहॉय 170.35 मीटर आणि मोलेहॉय 170.86 मीटर, 2005च्या सुमारास झालेल्या नव्या मोजणीत मोलेहॉयच्या बाजूने निकाल लागला. अंतर भरले 51 सेंटिमीटर! आमच्याकडे 51 सेंटिमीटरांचा बांध कोरला गेला तर तीन पिढ्या दिवाणी कोर्टात म्हाताऱ्या होतात. येथे एका गावाचे सर्वोच्चपद गेले आणि कोणी साधा स्थगिती आदेशही मागितला नाही.

मोलेहॉयवर आम्ही गेलो. गेलो म्हणजे एका गोठ्याजवळ मोटार उभी करून शेताच्या कडेने चालत राहिलो. पूर्वी तेथे पवनचक्की होती, तिचा जात्यासारखा दगड शिखराची खूण म्हणून बसवला आहे. साक्रीजवळच्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचे रान उभे राहताना पाहत मोठी झालेली आमची कन्या त्या दगडाजवळ हात जोडून उभी राहिली. या देशात 1891 साली आस्कोव्ह येथील लोकशाळेत पोल ला कूर नावाच्या शिक्षकाने वाऱ्यापासून वीज तयार केली, आणि आता देशाची निम्म्याहून अधिक वीज वाराच पुरवतो, असे ती सांगत होती. तिचे बोलणे संपल्यावर सौभाग्यवतींनी चहूकडे दृष्टी फिरवली, कपाळावर आडवा हात धरून क्षितिज न्याहाळले आणि अस्सल अहिराणीत विचारले, “ते समदं खरं, पन डोंगर कोठे शे?”

त्या प्रश्नाने माझी लेखणी धावू लागली. जळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 209 मीटर उंचीवर वसलेले आहे, आणि धुळे त्याहूनही वर. म्हणजे डेन्मार्कचे सर्वोच्च शिखर सर करण्यासाठी आम्ही आमच्या ओट्यावरून 38 मीटर खाली उतरलो होतो; आकाशपर्वतावर उभे होतो तेव्हा तर घरच्या तुळशीवृंदावनाच्या 62 मीटर खाली होतो. ‘प्रवासाचा तपशील’ या रकान्यात मी प्रामाणिकपणे ‘चढण: उणे’ असे लिहिले. जो बैलगाडीच्या मागे चालत तोरणमाळचा घाट चढला, त्याच्या वाट्याला उतारवयात ही उणी चढण यावी आणि तिच्यासाठी व्हिसा लागावा, हा योग पत्रिकेत कोणत्या ग्रहाने लिहिला असेल कोण जाणे.

परत आल्यावर मेहरूण तलावाच्या काठी रोज सकाळी जमणाऱ्या आमच्या निवृत्तांच्या मंडळात हा रोजनामा मी क्रमवार वाचून दाखवला. राजा, जलपरी आणि हॅम्लेट यांच्यापाशी श्रोते जांभया देत होते. कॉफीच्या दरापाशी दोघांनी हळहळ व्यक्त केली. परंतु उंचीचे प्रकरण येताच सर्वजण सावरून बसले. आपण ज्या फरशीवर रोज चपला काढतो ती फरशी एका सार्वभौम राष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून उंच आहे, हे ऐकून सहकार खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी पाय किंचित उचलून घेतले, आणि सेवेत असताना आपल्याला डोंगरी भत्ता का मिळाला नाही, अशी पृच्छा दुसऱ्याने केली. भूमी अभिलेख खात्यात तीस वर्षे साखळी ओढलेले एक वयोवृद्ध स्नेही मात्र अखेरपर्यंत डोळे मिटून ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांनी चष्मा चढवला, वही मागून घेतली, ते 51 सेंटिमीटरांचे पान काढून दोनदा वाचले आणि गंभीरपणे विचारले, “मोजणीच्या वेळी लगतचे खातेदार हजर होते काय?”