अभ्यासू भाऊ

कुणाच्या घरी पहिला पगार झाला की आमच्या भाऊंना तो आपोआप कळतो. पेढे मजल्या-मजल्यावर पोचायच्या आत भाऊ रेक्झिनच्या पिशवीत दोनशे पानी वही घेऊन दारात उभे. पेढा अजून तोंडात असतानाच पहिला प्रश्न येतो, "मग निवृत्तीचं काय ठरवलंय?" समोर तेवीस वर्षांची मुलगी. तिने गेल्या महिन्यापर्यंत लोकलचा पास बाबांच्या पैशांनी काढलेला.

भाऊ एका बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या कोटेशनपासून गणपतीच्या मांडवापर्यंत सगळ्याचा अभ्यास तेच करतात. पण जीव खरा रमतो तो दुसऱ्याच्या पैशात. स्वतःचा पैसा पोस्टात. 2023 च्या एप्रिलमध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा 15 लाखांवरून 30 लाखांवर गेली आणि व्याज 8.2 टक्के झालं, तेव्हा भाऊ पोस्टाचं शटर वर जायच्या आधी पायरीवर हजर होते. शेअर आयुष्यात एकही घेतला नाही. हर्षद मेहताच्या काळात शेअरबाजाराचा अभ्यास सुरू केला, तो अजून चालू आहे. 2001 च्या जुलैत यूटीआयच्या यूएस-64 योजनेतली खरेदी-विक्री सहा महिने थांबवली होती, त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज आजही जड होतो. त्यांचं त्यात एक युनिटसुद्धा नव्हतं.

2023 च्याच पाडव्याला तिसऱ्या मजल्यावरची सोनू सापडली. पगार 22 हजार. ऑफिसात कुणीतरी सांगितलं म्हणून महिन्याला हजार रुपये एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, टाकायचे तिच्या मनात होतं. "उत्तम," भाऊ म्हणाले. "ही योजना सर्वांना खुली झाली ती 1 मे 2009 ला. महाराष्ट्र दिन. शकुन चांगला आहे. फंड कुठला घ्यायचा ते अभ्यास करून सांगतो."

सोनूने चूक केली. "बरं" म्हणाली.

वही मी जवळून पाहिली आहे. पट्टीने आखलेले रकाने, शेअरचा 'ई' हिरव्या शाईत, कंपन्यांच्या रोख्यांचा 'सी' निळ्या, सरकारी रोख्यांचा 'जी' लाल. पेन्शन फंड चालवणाऱ्या दहा-अकरा कंपन्या एकाखाली एक, पुढे एक वर्षाचा, तीन वर्षांचा, पाच वर्षांचा परतावा. एक वर्षाच्या रकान्यात पहिली आलेली कंपनी पाच वर्षांच्या रकान्यात सहावी, आणि पाच वर्षांतली पहिली यंदा सातवी. हे लक्षात आलं तेव्हा दुसऱ्या कुणी वही मिटली असती. भाऊंनी दशांशानंतरचा आणखी एक आकडा घेतला.

मग फी. त्या वेळी फंड सांभाळण्याची फी वर्षाला जास्तीत जास्त 0.09 टक्के होती, आणि कंपनीकडे पैसा वाढेल तसा पुढच्या पैशावरचा दर उतरत जाई. भाऊंनी एक संध्याकाळ जिन्यात उभं राहून मला समजावलं. सोनूचे वर्षाचे 12,000. 0.09 टक्क्याने 10 रुपये 80 पैसे. 0.06 टक्क्याने 7 रुपये 20 पैसे. "तीन साठचा फरक! वर्षाला!" एवढ्यात अर्धा कटिंगही येत नाही, आणि तक्त्यांच्या झेरॉक्सचे 46 रुपये सोनूच्या आईने आधीच दिले होते. मी गप्प बसलो. भाऊंच्या आनंदात बोट घालायचा धीर आमच्या इमारतीत कुणाला नाही.

करसवलतीवर त्यांचे दोन आठवडे गेले. जुनी पद्धत की नवी, 50 हजारांची जादा वजावट कशात बसते, सगळं टिपून झालं. मग कळलं की एवढ्या पगारावर सोनूला दोन्हीकडे कर शून्यच आहे. भाऊ म्हणाले, "कळलं तर पाहिजे ना."

सोनूच्या आईची चिंता वेगळी होती. "भाऊ, पैसे साठीपर्यंत अडकणार म्हणता. हिच्या लग्नाला काढता येतील का?" भाऊंनी पान उलटलं. "तीन वर्षांनंतर ठरावीक कारणांसाठी, स्वतः भरलेल्या पैशांतले 25 टक्के. घर आहे, आजारपण आहे, मुलांचं शिक्षण आहे, मुलांचं लग्न आहे. स्वतःचं लग्न यादीत नाही."

"म्हणजे आधी मुलं?" आईने विचारलं. त्या दिवशी भाऊ चहा न घेता गेले.

तरी भाऊंवर माझा राग नाही. पहिला पगार झालेल्या पोराला आपल्याकडे दोनच माणसं आधी गाठतात, पेढे मागणारा आणि पॉलिसी विकणारा नात्यातला मामा. पैसे परत मिळणारा विमा, बोनस, वीस वर्षं हप्ते, आणि कमिशनचं नाव नाही. सोनूकडे असा एक मामा आला होता. भाऊंनी त्याला तासभर खुर्चीवर बसवून "पहिल्या हप्त्यातले तुम्हाला किती?" एवढं एकच पुन्हा पुन्हा विचारलं. मामा नंतर गणपतीलाही आला नाही. त्या एका तासाची किंमत भाऊंच्या सगळ्या रकान्यांहून जास्त होती, पण ते त्यांना सांगून पटणार नाही.

श्रावण आला. प्रश्न आता वाटणीचा होता. स्वतः ठरवलं तर शेअरमध्ये 75 टक्क्यांपर्यंत ठेवता येत होते. 'ऑटो' घेतलं तर वयाप्रमाणे वाटणी आपोआप बदलते. त्यातल्या सगळ्यात धीट पर्यायात पस्तिशीपर्यंत 75 टक्के शेअर, पुढे उतरत उतरत पंचावन्नला 15. भाऊंना आपोआप होणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा संशय आहे. "आणि साठीला निदान 40 टक्क्यांची अ‍ॅन्युइटी घ्यावीच लागणार. तू साठीला पोचशील 2060 मध्ये. कुठली घ्यायची ते आपण तेव्हा बसून बघू." भाऊ तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते.

काकू आतून म्हणाल्या, "ह्यांनी आमच्या फ्रिजचा अभ्यास केला होता. दोन उन्हाळे माठ वापरला."

दिवाळीच्या आधी एका रात्री सोनूने लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर आधार टाकला, पॅन टाकला, ओटीपी टाकला, 'ऑटो'तला तो 75 वाला पर्याय निवडला आणि नाव ओळखीचं वाटलं म्हणून एक कंपनी. ठाकुर्ली यायच्या आत फॉर्म संपला. एनपीएस खात्याचा बारा आकडी प्रान क्रमांक आला तो तिने फक्त आईला दाखवला. आईने तो फराळाच्या ताटाबरोबर भाऊंच्या घरी पोचवला.

भाऊ चकली हातात घेऊन वर आले. चिडले नव्हते. दुखावले होते, तेही थोडेच.

"कुठली कंपनी?"

सोनूने नाव सांगितलं. भाऊंनी वही उघडली, बोट रकान्यातून खाली नेलं.

"वर्षात तिसरी. पाच वर्षांत चौथी." बराच वेळ ते त्या ओळीकडे बघत राहिले. "वाईट नाही. पण अभ्यासाने आलेली नाही."

"काका, कंपनी वर्षातून एकदा बदलता येते. वाटणी चार वेळा. तिथेच लिहिलं होतं."

हे भाऊंच्या वहीतही होतं, कडेला, पेन्सिलीने. आठ महिने ते कुणालाच बोलले नव्हते. आता त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला.

"चार वेळा?"

"हो, पण मी काही..."

"तू काही करू नकोस," भाऊ चकली मोडत म्हणाले. "पहिला तिमाही तक्ता मी जानेवारीत घेऊन येतो."